सरांनी सांगितलं म्हणून

साशंक : आमची नात शाळेतून आली आणि दप्तर खाली ठेवायच्या आत म्हणाली, "आजोबा, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात." मी म्हटलं, अरे वा! मग विचारलं, कशावरून? ती म्हणाली, "सरांनी सांगितलं." दुसऱ्या दिवशी शुक्र. तो सूर्याभोवती फिरायला लागतात त्यापेक्षा जास्त दिवस स्वतःभोवती फिरायला घेतो. कशावरून? सरांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी मधमाशी नाचून फुलांचा पत्ता सांगते. तेही सरांनीच सांगितलं. परिपाठात सुविचार, दिनविशेष आणि बोधकथेच्या जोडीला तू 'आजचा शोध' सुरू केलास, त्याचं खर्ड्यात सगळे कौतुक करतात, मीही करतो. पोरं सकाळी वेळेवर येतात, हे काही लहान काम नाही. पण मला राहून राहून वाटतं की तू पोरांना शोध देत नाहीस, शोधाची बातमी देतोस. या गावातलं कुठलंही पोर झोपेतून उठवलं तरी सांगेल की खर्ड्याची लढाई ११ मार्च १७९५ ला झाली, पेशव्यांच्या फौजांनी निजामाला हरवलं आणि निजाम किल्ल्यात कोंडला गेला. हे त्याला पाठ असतं. किल्ल्याच्या दगडाला भोकं का आहेत, ते मात्र त्याला कधी विचारावंसं वाटत नाही, आणि त्या भिंतीला टेकून तर ते रोज बसतं. तुझ्या तीन हृदयांचीही तीच गत होईल. पाठ होतील, आणि पाठ झालं की विचारणं थांबतं.

उत्साही : गुरुजी, मी या धंद्यात पडलो त्याला कारण तुम्हीच आहात, म्हणून तुमच्यापुढे बोलायला जड जातं. २४ ऑक्टोबर १९९५. दिवाळीची सुट्टी होती, सूर्यग्रहण होतं आणि अख्खं गाव दारं लावून आत बसलं होतं. तुम्ही आम्हा सात-आठ पोरांना बोलावून शाळेच्या मागच्या कडुलिंबापाशी नेलंत. वर बघू दिलं नाहीत. भिंतीकडे बोट केलंत. पानांमधून एरवी उन्हाचे गोल कवडसे पडतात, त्या दिवशी भिंतभर चंद्रकोरी हलत होत्या. शेकडो. मला आजही ती भिंत दिसते. मला त्यातलं तेव्हा काहीच कळलं नव्हतं. फक्त इतकं वाटलं की रोजच्या कडुलिंबात एवढं काही दडलेलं असेल, तर बाकीच्या गोष्टींत काय काय असेल! मी पोरांना तेवढंच द्यायला बघतो. भूक आधी लागू दे, स्वयंपाक नंतर शिकवता येईल. जमिनीला भेगा पडाव्यात तशी आठवी-नववीपर्यंत पोरांची उत्सुकता आक्रसत जाते, ते आपण दोघांनी पाहिलंय. सूत्रं आणि व्याख्या लिहून लिहून ती विज्ञानाला कंटाळतात. रोजच्या एका नवलानं ती ओल थोडी टिकत असेल, तर "कशावरून" थोडं मागे राहिलं म्हणून काय बिघडलं?

साशंक : चंद्रकोरींची आठवण काढलीस, बरं केलंस. पण त्या दिवशी मी काय सांगितलं होतं ते आठवतंय? काहीच सांगितलं नव्हतं. तुम्ही आठ दिवस माझ्या मागे लागला होतात आणि मी म्हणत होतो, पुठ्ठ्याला भोक पाडून या. त्रिकोणी भोक पाडा, चौकोनी पाडा, आणि रोजच्या उन्हात धरून बघा कवडसा कसा पडतो. पुठ्ठा जरा लांब धरला की कुठल्याही आकाराच्या भोकातून कवडसा गोलच पडतो, हे तुमच्यातल्या एका पोरीनं शोधलं, आणि गोल दिसतो तो सूर्यच, हे तिनंच सांगितलं. तुझ्या मनात भिंत राहिली. माझ्या मनात तो पुठ्ठा आहे.

आता बिघडतं काय ते ऐक. याच पोरांच्या घरात मोबाइल आहे. त्यावर येतं की आज रात्री मंगळावरून घातक किरण येणार, मोबाइल उशाशी ठेवू नका, नासानं सांगितलंय. दर ऑगस्टला येतं की मंगळ चंद्राएवढा दिसणार. दोन्ही साफ खोटं, आणि वर्षानुवर्षं फिरतंय. पोराच्या कानाला तुझा शुक्र आणि हा मंगळ सारखेच लागतात. दोन्ही अचाट, दोन्ही लांबचे, दोन्ही कुणीतरी मोठ्या माणसानं सांगितलेले. आपले सर खरं बोलतात आणि मोबाइल खोटं, एवढाच त्याच्याजवळ फरक आहे. तू उद्या बदलीनं गेलास की तो फरकही तुझ्याबरोबर जाईल. अचाट गोष्टीवर मान डोलवायची सवय लागली की ती सवय खरंखोटं बघत नाही.

उत्साही : हे लागलं. एक कबूल करतो. गेल्या वर्षी मी माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगितली. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. दख्खनच्या लाव्ह्याखालच्या, साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या थरांत तिथे डायनासोरांचं शेण दगड होऊन पडलंय. २००५ साली भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी ते तपासलं, तर त्यात गवत निघालं. भात आणि बांबूच्या कुळाशी नातं सांगणारं गवत! तोवर समजूत अशी की गवताचा पसारा वाढला तो डायनासोर संपल्यावर. मी पोरांना म्हटलं, आपली ज्वारी, बाजरी, ऊस सगळं गवतच, आणि त्या गवताचे पूर्वज डायनासोरांनी चरलेत. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतलं एक पोर उठलं आणि म्हणालं, "सर, गवत तर कुजतं. मग ते गवतच होतं हे कसं कळलं?" आणि मी, गुरुजी, घड्याळ बघितलं. राष्ट्रगीत व्हायचं होतं. "पुढे शिकशील" म्हणालो. ते पोर खाली बसलं. पुन्हा त्यानं कधी विचारलं नाही.

त्याचं उत्तर मी महिन्यानं शोधलं. पाठ्यपुस्तकात नव्हतं. गवत जमिनीतलं सिलिका, म्हणजे वाळूतलंच द्रव्य, मुळांवाटे ओढून घेतं आणि पात्यात त्याचे बारीक कण साठवतं. पातं कुजतं, कण राहतात, आणि कुळाकुळागणिक त्या कणांचा आकार वेगळा असतो. दगडी शेणात ते कण सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. हे मी वर्गात सांगायला लागलो तेव्हा एका मुलीनं बाही वर सारून हात पुढे केला. आईवडिलांबरोबर कारखान्यावर जाऊन आली होती. मनगटापासून कोपरापर्यंत उसाच्या पात्याचे ओरखडे. म्हणाली, "सर, याच्यामुळंच कापतं का?" हो. त्यानंच. पात्याची धार त्याच सिलिकाची असते. त्या क्षणी पिसदुरा तिच्या हातावर येऊन उभं राहिलं. आता सांगा, मी नुसती बातमी दिली होती का?

साशंक : नाही. त्या दिवशी तू खरं शिकवलंस, आणि तेही त्या मुलीमुळे. पण मी तिथे असतो तर मला आनंदाबरोबर थोडी लाजही वाटली असती. पोरीचे हात फाटलेत, आणि आपण वर्गाला सांगतोय, बघा डायनासोरच्या गवताचा पुरावा. तिला पुरावा मिळाला, वर्गाला नवल मिळालं, आणि पुढच्या दिवाळीनंतर ती पुन्हा कोयता घेऊन फडात जाणारच. तू शिकवू नयेस असं मी म्हणत नाही. पण तिचा प्रश्न "याच्यामुळंच कापतं का" इथे थांबला, की "मग कापू नये म्हणून काय करायचं" इथवर गेला, हे तू पाहिलंस का? आपल्या भागात विज्ञान सांगणाऱ्यानं ही दुसरी पायरी सोडून चालत नाही असं मला वाटतं. आपली पोरं दिवाळीला फडावर जातात आणि उन्हाळ्यात परततात, निम्मी शाळा त्यांची बुडते, आणि आपण त्यांना ऑक्टोपसची हृदयं मोजून दाखवतो.

उत्साही : इथे मात्र मी अडणार. गरिबाच्या पोरानं फक्त कामाचंच विज्ञान शिकावं, हे मला मान्य नाही. पुण्यातल्या पोरानं कृष्णविवर ऐकायचं आणि जामखेड तालुक्यातल्या पोरानं शेणखत? त्या मुलीला हातमोजे मिळायला हवेत, त्यासाठी मी भांडेन. पण हातमोजे मिळेपर्यंत तिला डायनासोर नाही, असा हिशोब कुणी लावू नये. उलट मी तर म्हणतो, तिलाच जास्त हक्क आहे. तिचं जग फड, खोपी आणि मुकादम एवढंच करून ठेवलंय. ते साडेसहा कोटी वर्षांनी रुंद झालं तर काही तरी हललं ना?

साशंक : हललं. मी शब्द मागे घेतो. लांबचं देऊ नकोस असं मला म्हणायचं नव्हतं. देण्याच्या वेगाबद्दल म्हणायचं होतं. थांब, आपल्या रानातलंच उदाहरण देतो. टारफुला तुला माहीत आहे. ज्वारीच्या मुळांना चिकटतो, रस पितो, ज्वारी वाळते. एका झाडाला हजारो बिया, धुळीसारख्या, वर्षानुवर्षं मातीत निपचित पडून राहतात. ज्वारी पेरली की जाग्या होतात. माझे वडील सांगायचे, तो ज्वारीची वाट बघत बसतो. निरीक्षण पक्कं होतं.

उत्साही : आणि शास्त्रज्ञांनी त्याचं कारण शोधलं! मुळं मातीत एक द्रव्य सोडतात, ते बी ओळखतं. ते द्रव्य पहिल्यांदा १९६६ साली वेगळं काढलं गेलं, तेही कापसाच्या मुळांतून. कापसाच्या मुळांपाशी टारफुल्याचं बी उगवतं, पण त्याला कापसावर जगता येत नाही, म्हणून ते मरून जातं. टारफुला माजलेल्या रानात कापूस घेतला की बियांचा साठा कमी होतो, त्याचं हे कारण. मी पुढच्या आठवड्यात हेच सांगणार आहे. कारण पुढचा भाग आणखी...

साशंक : बघ, धावलास. १९६६ पाशी जरा थांब. तिथे एक मोठा प्रश्न पडतो. झाड आपल्या वैऱ्याला हाक का मारेल? ज्वारीला काय गरज, मुळातून द्रव्य सोडून टारफुल्याला उठवायची? हा प्रश्न विज्ञानासमोर किती वर्षं होता?

उत्साही : २००५ पर्यंत. जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की ती हाक वैऱ्याला नाहीच. मातीत एक बुरशी असते, मुळांशी मैत्री करणारी, झाडाला स्फुरद आणून देणारी. हाक तिला असते. टारफुला ती चोरून ऐकतो.

साशंक : म्हणजे एकोणचाळीस वर्षं. जगातली हुशार माणसं एकोणचाळीस वर्षं त्या प्रश्नाशी बसली, आणि तू परिपाठात एकोणचाळीस सेकंदांत उत्तर देऊन मोकळा होणार. पोराला उत्तर मिळेल, पण प्रश्न त्याच्या मनात रात्रभर राहिला असता तो राहणार नाही. त्यांना वैऱ्याची हाक सांग आणि गप्प बस. आठवडाभर बस. घरी जाऊन बापाला विचारू दे, आजीला विचारू दे. चुकीची उत्तरं येतील. कुणी म्हणेल ज्वारीला कळत नसेल, कुणी म्हणेल ती हाक दुसऱ्या कुणाला असेल. त्या दुसऱ्यानं २००५ चा शोध स्वतःच्या डोक्यानं निम्मा लावलेला असेल.

उत्साही : आणि कुणीच काही म्हटलं नाही तर?

साशंक : तर तुला कळेल की प्रश्न अजून पेरायला हवा. तेही कळणंच आहे.

उत्साही : टारफुल्याचं मी मान्य करतो, कारण तो बांधावर आहे. पण गुरुजी, सगळंच बांधावर येत नाही. लोणारचं सरोवर घ्या. १८२३ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, पुढे कित्येक वर्षं तो ज्वालामुखीचा खड्डा असावा असं मानलं गेलं. मग तळात छिद्रं पाडून दगड काढले, त्यात प्रचंड धक्क्यानं काचेसारखं झालेलं खनिज सापडलं. तसा धक्का ज्वालामुखी देत नाही. १९७३ च्या सुमारास ठरलं की हा आकाशातून पडलेल्या दगडाचा मार आहे. आता हे माझं पोर कसं तपासणार? त्याच्याकडे छिद्र पाडायचं यंत्र नाही, सूक्ष्मदर्शक नाही. मला तरी कुठे तपासता येतं? मी छापलेलं वाचतो आणि विश्वास ठेवतो. म्हणजे "सरांनी सांगितलं" या तक्रारीत मीही आलो, तुम्हीही आलात. बहुतेक विज्ञान आपल्याला कुणाच्या तरी शब्दावरच घ्यावं लागतं. मग पोरांना स्वतः तपासा म्हणण्यापेक्षा कुणावर आणि का विश्वास ठेवावा, ते शिकवणं जास्त खरं नाही का?

साशंक : मी मघापासून ज्याच्याभोवती फिरत होतो त्यावर तू नेमकं बोट ठेवलंस. तपासता येईल तेवढंच सांग म्हटलं तर पोरांचं जग बांधापाशी संपतं. तपासता न येणारं सांग म्हटलं तर मंगळाचे किरणही आत येतात. मधली वाट म्हणजे विश्वास, पण कशाच्या बळावर? लोणारचंच बघ. त्याचं वय आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास सांगत, पुढे दुसऱ्या पद्धतीनं मोजलं तर पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास निघालं. हे पोराला सांगितलंस तर ते काय म्हणेल? शास्त्रज्ञ रोज बदलतात, त्यांचं काय खरं! माझ्या शेजारच्या पदवीधराची हीच तक्रार आहे.

उत्साही : मी उलट सांगेन. मंगळाच्या किरणांचा निरोप गेली कितीतरी वर्षं अक्षरही न बदलता फिरतोय. लोणारचं वय बदललं, कारण कुणी तरी पुन्हा मोजलं आणि आधीचा आकडा सोडायची तयारी ठेवली. जो आपली चूक कशी सापडली ते सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेव. पोराला एवढी खूण पुरते.

साशंक : खूण चांगली आहे. पण तीही तू त्याला सांगणारच ना? पुन्हा सरांनी सांगितलं! ती खूण त्याला स्वतःच्या अंगावर कळायला हवी. एकदा तरी त्यानं स्वतः मोजलेलं असावं, स्वतः चुकलेलं असावं, आणि चूक शेजारच्यानं दाखवल्यावर राग गिळून पुन्हा मोजलेलं असावं. मग लोणारवाल्यांनी काय केलं असेल ते त्याला कळेल. जयंत नारळीकरांचं मला म्हणूनच मोठं वाटतं. मुलं स्वाक्षरी मागायला आली की ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर लिहून खाली सही करतो. एवढा मोठा माणूस, पण सही हवी तर आधी प्रश्न द्यावा लागे. तुझ्या परिपाठात पोराला काहीच द्यावं लागत नाही.

उत्साही : म्हणूनच आज तुमच्याकडे आलो. मे महिन्यात, १४ तारखेच्या सुमारास, खर्ड्यात शून्य सावली. सूर्य बरोबर डोक्यावर, उभ्या काठीला सावलीच नाही. आपल्या रेखांशाला ते भर दुपारी बाराला होत नाही, बारा वाजून चोवीस मिनिटांच्या आसपास होतं. पुन्हा जुलैच्या शेवटी होतं, पण तेव्हा ढग असतात. आणि ऐका. जळगाव आपल्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे, नकाशावर सरळ रेघेत सुमारे २६५ किलोमीटर. त्या दिवशी तिथल्या मध्यान्हीला एक मीटरच्या काठीची सावली चार सेंटिमीटरच्या जरा वर पडेल. त्यावरून कोन निघतो २.४ अंशांच्या आसपास. ३६० भागिले २.४ म्हणजे दीडशे. दीडशे गुणिले २६५. पृथ्वीचा घेर, गुरुजी! चाळीस हजार किलोमीटरच्या अगदी जवळ. खर्ड्याच्या पोरांनी फोनवर जळगावच्या पोरांना सावली विचारायची आणि पृथ्वी मोजायची. यंत्र नको, पुस्तक नको.

साशंक : हे मला मनापासून आवडलं. काठी मात्र सरळ उभी हवी. गवंड्याकडचा ओळंबा आण, डोळ्यानं भागणार नाही. आणि सावलीची कड धूसर असते हे लक्षात ठेव. सूर्य ठिपका नाही, थाळी आहे, त्यामुळे कड कुठे धरायची यावर पोरांची भांडणं होतील. ती होऊ दे. एका दिवसाच्या फरकानं सावली चारच मिलिमीटर हलते, म्हणजे ती नेमकी कुठल्या तारखेला संपली यावरही भांडण होईल. पण माझी अट अशी आहे. १४ मे जाहीर करायचा नाही. शून्य सावली हा शब्द उच्चारायचा नाही. पाडव्यापासून रोज दुपारी त्याच जागी काठी उभी करायची आणि सावलीच्या टोकाला खडूनं खूण करायची. रोज तोकडी होते, हे त्यांना दिसेल. मग कुणी तरी विचारेल, अशी तोकडी होत होत संपली तर? त्याच्या पुढे दक्षिणेला पडायला लागेल तेव्हा तर ती वेडी होतील, कारण आपल्याकडे मध्यान्हीची सावली नेहमी उत्तरेलाच, असा मोठ्यांचाही समज आहे.

उत्साही : पण मेमध्ये शाळेला सुट्टी असते. जाहीर केल्याशिवाय त्या उन्हात एक पोर मैदानावर येणार नाही. "उद्या तुमची सावली गायब होणार" म्हटलं तर दोनशे येतील, आया पण येतील. तुमच्या पद्धतीनं पाच येतील.

साशंक : १९९५ ला आठ होते.

उत्साही : आणि त्या आठांत मी होतो, म्हणून तुम्हाला ती पद्धत बरोबर वाटते. जे आले नाहीत त्यांचं काय झालं, ते आपल्याला माहीत नाही.

साशंक : ते खरं आहे. त्याचा विचार मी कधी केला नाही. तरी सांगतो, दोनशे जण येऊन टाळ्या वाजवून गेले, तर तीन हृदयं आणि सावली यांत फरक राहणार नाही. निदान एवढं कर. कुणी विचारलं, सर, सावली कुठे गेली, तर उत्तर देऊ नकोस. त्यालाच विचार, काल कुठवर होती? परवा कुठवर होती? खडूच्या खुणा त्याला दाखव आणि बाजूला हो.

उत्साही : आणि तो कालच कारखान्यावरून परतला असेल तर?